आचलचा डावा कान

१२ जानेवारी
यादी लागली! आचलचं नाव आहे — अकोला पोलीस. दोन वर्षं पोरगी पहाटे पाचला भातकुलीच्या ग्राउंडवर पळाली. तिचे बाबा शेवंती तोडायला मळ्यात जायचे आणि ही पळायला. आज त्यांनी फुलांची गाडी तशीच उभी ठेवली आणि गावभर पेढे वाटत सुटले. मी मात्र अंगणवाडीतच होते. पोरांना खिचडी वाढता वाढता रडले.
आता फक्त मेडिकल राहिलं. बावीस तारखेला, अकोल्याला.

१६ जानेवारी
भरतीच्या अकॅडमीतल्या सरांनी पोरींना सांगितलं, कान तपासून या, मळ असला की डॉक्टर परत पाठवतात. बाकीच्या पोरी अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे निघाल्या. आचलही जाते म्हणाली. मी म्हटलं, घरी आई असताना डॉक्टर कशाला? पाळण्यात होती तेव्हापासून दर रविवारी न्हाऊमाखू घालून मीच साफ करते तिचे कान. माझेही करते. आमच्या घरात कोणाच्या कानात कणभर मळ दिसणार नाही.
गंमत म्हणजे आजच मातांच्या बैठकीत मी पुस्तिका वाचून दाखवली — बाळाच्या कानात तेल, काडी, पिन काहीही घालू नये. सगळ्या माना डोलावत होत्या. आमची मदतनीस बेबीताई नंतर हसत म्हणाली, ताई, तुमी तं घालता. मी म्हटलं, ते लहान लेकरांसाठी असतं. आपला हात बसलेला आहे.

१८ जानेवारी, रविवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.
लसूण घालून तेल कोमट केलं. आचल माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, तोंड भिंतीकडे. उजवा कान झाला. डाव्यात जरा खोल काहीतरी काळं दिसत होतं. केसांचा आकडा घेतला, नेहमीचाच, बोथट टोकाचा. मी सांगत होते की वर्दी शिवायला कोणाकडे टाकायची. ती गुपचूप पडून होती. एकदम तिने डोकं झटकलं आणि किंचाळली.
आकड्याच्या टोकाला रक्त होतं. थेंबभरच. पण होतं.
म्हणते कानात शिटी वाजतेय. हलली म्हणून लागलं. हलायलाच नको होतं तिने.

१९ जानेवारी
अमरावती. कानाच्या डॉक्टरीणबाई, वयाने माझ्यापेक्षा लहान. दुर्बिणीतून पाहिलं आणि आम्हालाही पडद्यावर दाखवलं — कानाचा पडदा, आणि त्यात तांदळाएवढं भोक. मी केलेलं.
खूप समजावून सांगितलं त्यांनी. मळ म्हणजे घाण नाही, तो कानाची राखण करतो. धूळ, किडे, पाणी अडवतो. आपण बोलतो, जेवतो, जबडा हलतो, तसा तो आपोआप बाहेर सरकतो. बाहेर आला की ओल्या फडक्याने पुसायचा, बस्स. आत बोटसुद्धा घालायचं नाही. आकडा नाही, काडी नाही, बाजारातले कापसाचे बोळे लावलेले बड्‌सही नाहीत.
मी विचारलं, मग एवढी वर्षं मी काढत होते ते? त्या म्हणाल्या, "थोडं काढत होता, बाकीचं आत ढकलत होता."
भोक बहुतेक आपलं आपण भरतं, पण दोन-तीन महिने लागू शकतात. कानात थेंबभर पाणी जाता कामा नये. तेल तर मुळीच नाही. नाक जोराने शिंकरायचं नाही.
दोन-तीन महिने! मेडिकल परवा तेरवावर आलंय.

२२ जानेवारी
अकोला. 'तात्पुरती अपात्र.' सव्वीस फेब्रुवारीला पुन्हा बोलावलंय. शेवटचं.
येताना एसटीत आचल खिडकीपाशी बसली. मी डाव्या बाजूला होते, त्या कानाच्या बाजूला. मूर्तिजापूरपर्यंत ती बाहेरच बघत होती.

२५ जानेवारी
रथसप्तमी. हळदीकुंकवाला तिवशाहून नणंद माणिकबाई आली होती, शेजारच्या चार-पाच बायका होत्या. वाण घेता घेता माणिकबाईने विचारलंच, पोरीच्या कानाचं काय झालं म्हणे. मी म्हटलं, काय सांगू, एक शब्द बोलली असती तर मी तिथेच थांबले असते. नुसती गुपचूप पडून राहिली आणि मग एकदम हलली.
आचल तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "मी तीनदा म्हटलं तुले. आई दुखून राह्यलं, थांब. तीनदा."
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "खोटं नको बोलू आचल. मी काय बहिरी हाव?"
तिने ताट ठेवलं आणि आत गेली.
मी खरंच काही ऐकलं नव्हतं. देवाशपथ. आता चूक झाली आहे तर ती माझी आहे, मी कुठे नाही म्हणते? पण आईने ऐकूनसुद्धा आकडा चालवला, असं चारचौघींत सांगायचं? एवढी वाईट आहे मी?

२७ जानेवारी
आचल बोलत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
पहिला रविवार आयुष्यातला की मी तिला न्हाऊ घातलं नाही. तिने स्वतःच कापसाला व्हॅसलीन लावून कानात बसवला, डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं, आणि दार लावून घेतलं. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. मनात म्हणत होते, जोरात पाणी ओतू नको, मान वाकडी कर.
आकडे सगळे फेकून दिले. आता काय उपयोग?

११ फेब्रुवारी
रात्री जेवताना तिच्या बाबांनी विषय काढला. ते कधी चिडत नाहीत. म्हणाले, "तुले डॉक्टरकडे पाठवाले काय झालं होतं?" एवढंच. मी ताटावरून उठले.
काय झालं होतं? मिरवायचं होतं. माझ्या हातचं सगळं चांगलं, हे दाखवायचं होतं. दुसरं काही नाही.

२६ फेब्रुवारी
झालं. भोक आता मोहरीएवढं राहिलंय, पण राहिलंय. नापास. तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणा पोरीला जाईल. तिच्या आईने काय पुण्य केलं असेल!
आचल रडली नाही. अकोल्याच्या स्टँडवर उसाचा रस घेतला आम्ही तिघांनी. तिने तिच्या बाबांना सांगितलं, पुढच्या भरतीला परत भरीन, वय आहे अजून. मला नाही सांगितलं. मी समोरच होते.
माझ्या मांडीवर डोकं ठेवलं त्या पोरीने, आणि मी तिची दोन वर्षं पाण्यात घातली. आणि वरून खोटारडी म्हटलं. पण खोटं तर ती बोललीच ना? हा एकच काटा निघत नाही. बाकी सगळं मी कबूल करते.

७ मार्च
अमरावतीला दाखवायला गेलो. भोक बंद होत आलंय. अजून दोन-तीन आठवडे, मग काळजी नाही, ऐकणं पूर्ण राहील. ऐकून आचल पहिल्यांदा हसली. डॉक्टरांकडे बघून.
डॉक्टरीणबाई मलाही काहीतरी विचारत होत्या. कागदात बघून पुटपुटतात हल्लीचे डॉक्टर. मी दोनदा "काय?" म्हटलं. तर आचलचे बाबा म्हणाले, "तिले जोरात सांगा लागते."
मला रागच आला. अंगणवाडीत पंचवीस पोरांचा कालवा असतो दिवसभर, तिथे राहून बघा म्हणावं. सगळं ऐकू येतं मला.
तरी डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलंच. दोन्ही कान पाहिले. पडद्यावर दाखवले. वाटच नव्हती आत! दोन्हीकडे काळं, घट्ट, दगडासारखं. म्हणाल्या, आकड्याने वर्षानुवर्षं ठासलंय हे. पाच दिवस थेंब घाला, मऊ होऊ द्या, मग मी काढते. घरी हात लावायचा नाही.
आचलच्या बाबांना थोडा विजयाचा आनंद झाला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

१० मार्च
थेंबांनी मळ फुगलाय, आणखीच बधीर वाटतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या असं होईल. थेंब आचल घालून देते. मी आडवी होते, ती थेंब मोजते, घड्याळ बघून कानावर कापूस ठेवते, उठून जाते. तिचा हात हलका आहे. माझा कधी एवढा हलका होता का, कोण जाणे.
आज अंगणवाडीत बेबीताई बोलत होती तेव्हा लक्षात आलं — मी तिच्या तोंडाकडे बघून समजून घेते. ती वळली की मला काही कळत नाही. कधीपासून असं आहे?

१३ मार्च
डॉक्टरांनी कोमट पाण्याने आणि बारीक नळीने दोन्ही कान साफ केले. बाहेर रस्त्यावर इतका आवाज असतो? आचलच्या स्कूटीवर घाबरून तिला धरून बसले.
घरी आल्यावर ती ओट्याशी कणीक मळायला लागली. माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. तशीच, मागे न बघता, अगदी हळू म्हणाली, "जास्त दुखलं काय वं आई?"
मला ऐकू आलं.
तीनदा म्हणाली होती ती.