रिकाम्या खुर्च्यांचा हिशोब

टार्निट, मेलबर्न
रविवार, १८ मे २०२५

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण "उत्तम" एवढंच उत्तर येणार. इथे थंडी सुरू झाली. सलिलने हीटर दुरुस्त करून घेतला. रुद्रचे पुढचे दोन दात पडले आणि मराठीत विचारलं तरी तो इंग्लिशमध्येच बोबडं उत्तर देतो. व्हॉट्सॲप असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणार. व्हॉट्सॲपवर तुम्ही अंगठा पाठवून मोकळे होता, म्हणून.

मुख्य बातमी माझ्या प्रोजेक्टची. मुलांकडे राहायला आलेले आईवडील दिवसभर घरात कोंडलेले असतात, त्यांच्यासाठी दर बुधवारी कार्यक्रम करायला कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मला मागच्या जुलैत वर्षाचा निधी दिला. इथे पैसे मागताना आधी सांगावं लागतं, की शेवटी काय बदललेलं दिसेल आणि ते कशावरून ओळखायचं. मी ऐटीत लिहून दिलं: दर बुधवारी चाळीस माणसं. बजेटही तसंच मांडलं. हॉल, चहा, चिवडा, भजनाला माइक. उरल्यासुरल्या पैशांत बसने आणि ट्रेनने फिरायचा सराव, तोही माझी बॉस ब्रॉनविन मागे लागली म्हणून.

दिवाळीपर्यंत हॉल गच्च. मी हवेत. फेब्रुवारीपासून खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या आणि एप्रिलमध्ये जेमतेम पंधरा जण उरले. तुमचा मार्च एंड इथे जूनमध्ये येतो. निधी गेला, त्याबरोबर नोकरीही गेली, असंच धरून चालले होते. माझ्याबरोबर काम करणारी मंजिरी म्हणाली, "अगं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका धर ना उपस्थितीत. कोण बघायला येतंय?" खोटं कशाला सांगू, एक अख्खी दुपार मी तेच करायच्या बेतात होते.

मग म्हटलं, न येणाऱ्यांना फोन तरी करू. पहिला चित्रलेखाकाकूंना. त्या डोंबिवलीच्या. सुरुवातीला मुलाने गाडीतून सोडल्याशिवाय कोपऱ्यापर्यंतही जायच्या नाहीत.

"काकू, बऱ्या आहात ना? बुधवारी आला नाहीत."

"बुधवारी मी फूटस्क्रेला मासळी आणायला जाते. ट्रेनने. एकटी." आणि वर, "तुझा चहा चांगला असतो गं, पण दर आठवड्याला तिथे बसून करू काय?"

मी एकेकाला विचारत गेले. कोणी लायब्ररीत, कोणी नातवाला शाळेतून आणायला, कोणी बागेत पत्ते कुटायला. सगळे त्या सरावातून गेलेले. ज्याच्यावर मी सगळ्यांत कमी पैसे ठेवले तेच लागू पडलं होतं. आणि मी ठरवलेल्या मापाने मी पास कधी झाले असते? ही माणसं तशीच अडकून राहिली असती तर.

तुम्ही जिल्हा परिषदेतून घरी आलात की जेवताना चिडायचात, विहिरी किती खणल्या ते सगळे विचारतात, पाणी किती घरांत पोचलं ते कोणी विचारत नाही. ते ऐकत मोठी झालेली तुमची मुलगी नेमकी तिथेच चुकली.

निधी ठरवणाऱ्या कौन्सिलच्या कमिटीपुढे मी खरा आकडा ठेवला. माझं मोजमापच चुकीचं होतं असं सांगितलं, आणि बाकीची माणसं हल्ली कुठे असतात तेही. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे ती तुम्हाला सोडून गेली?" म्हटलं, "हो, आणि पैसे त्यासाठीच होते." ब्रॉनविन हसायला लागली. निधी मिळाला, बाबा, दोन वर्षांचा. आता मोठा वाटा सरावाला, चहा घरून थर्मासमध्ये. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा: या आठवड्यात तुम्ही स्वतःच्या मर्जीने कुठे गेलात?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अर्जात मी "ज्येष्ठ नागरिक" लिहिलं, पण डोळ्यांपुढे तुम्ही होतात. आई गेल्यावर तुम्ही सहा महिन्यांसाठी आलात आणि तिसऱ्या महिन्यात गुडघ्याचं निमित्त करून परत गेलात. गुडघा नव्हता तो. मी कामावरून यायचे तेव्हा तुम्ही खिडकीशी बसलेले असायचात आणि म्हणायचात, छान झोप झाली. मला दिसत होतं. शनिवारी मॉलमध्ये नेलं की झालं, असं मी स्वतःला समजावायचे. तुम्ही गेल्यावर रागावलेही, तुमच्यावरच. तो राग आता राहिलेला नाही.

बाबा, या. मला तुमची फार आठवण येते. तुम्ही तिथे एकटे जेवता हे मला सहन होत नाही. मागच्या वेळी मी तिकीट काढून मग सांगितलं होतं, या वेळी आधी विचारते आहे. पहिले काही बुधवार चित्रलेखाकाकू बरोबर असतील. त्या फार बोलतात, तेवढं चालवून घ्या. नंतर तुम्ही कुठे जाता, कोणाबरोबर जाता, मी विचारणार नाही. रात्री जेवायला घरी या म्हणजे झालं.

नाही म्हणालात तरी कळवा. मी रुसणार नाही. बरं, थोडी रुसेन.

होकार असो की नकार, या वेळी तुमच्या खऱ्या उत्तराची वाट पाहणारी,
यामिनी