तुझं ‘फाइन’ पोचलं

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सध्या सातच हजर आहेत, उजवा गुडघा रजेवर आहे. त्याचा नमस्कार मनोमन मानून घे.) तुझी आणि वहिनींची तब्येत कशी आहे, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते, तुझं उत्तर मला पाठ आहे. इकडे आम्ही दोघी मजेत.

पत्र कागदावर आलं म्हणून दचकू नकोस. हे सगळं फोनवर पाठवलं असतं तर तू त्याला एका शब्दात वाटेला लावलं असतंस, आणि त्याच एका शब्दाने सध्या आमच्या घरात उच्छाद मांडला आहे. गेल्या काही महिन्यांत आईने माझ्याकडून तुला जेवढे म्हणून निरोप पाठवले (पाठ कशी आहे, नव्या साहेबाशी जमतं का, स्वयंपाकघराचं छत गळायचं थांबलं का) त्या सगळ्यांना तुझं एकच उत्तर: ‘फाइन’. पाठ फाइन, साहेब फाइन, छतसुद्धा फाइन. आईचं म्हणणं असं की, ज्या मुलाला लहानपणी ठेच लागली तर साऱ्या गल्लीला कळायचं, तो एका शब्दावर आला म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. आता तर तिने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तीच निळी, एक चाक मोडलेली. कशाला म्हणून विचारलं तर “लागेल,” एवढंच म्हणते. ज्या बाईला समोर उभ्या बसची पाटी वाचता येत नाही, ती तुझ्याकडे एकटी निघणार, म्हणून मी रोज रात्री बॅग जागेवर आहे ना ते बघून झोपते.

घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच, तेव्हा तुझ्या शब्दाचा अर्थ लावायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. दुसरं कुणी असतं तर “ठीक आहे असा अर्थ” म्हणून जेवायला बसलं असतं. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते आणि मग तीनदा का ओढलं यावर डायरीत पानभर लिहिते. मी आईला समोर बसवलं आणि साग्रसंगीत सुरुवात केली. फाइन म्हणजे उत्तम. फाइन म्हणजे बारीक. फाइन म्हणजे दंड, जो ग्रंथालयात मी दर महिन्याला निष्ठेने भरते. आई कसल्याशा कपड्याला बटणं लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, “म्हणजे तो बारीक झालाय, आणि वर त्याला दंडही झालाय?”

इथे शहाण्या बाईने थांबायला हवं होतं. मी म्हटलं, खरा अर्थ शब्दात नसतो, सुरात असतो. आमचे शेठ माझ्या प्रत्येक सूचनेला ‘फाइन’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘जमणार नाही’. वरच्या मजल्यावरची बाई नवऱ्याला ‘फाइन’ म्हणते, त्याचा अर्थ आज जेवण बाहेरून मागव. (मध्येच आईने पुन्हा माझ्या गुडघ्याचं विचारलं. विषयांतर नको म्हणून मी नेहमीसारखं ‘फाइन’ म्हणून पुढे गेले.) मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. आमच्या रंगाच्या दुकानात लाकूड घासायच्या पॉलिश पेपरच्या खोक्यांवरही हाच शब्द छापलेला असतो. आधी रफ कागद मारायचा, मग मीडियम, आणि फाइन अगदी शेवटी, आधीच्या दोघांचे ओरखडे दिसू नयेत म्हणून. एवढं बोलून मी टाळ्यांसाठी थांबावं तशी थांबले.

“म्हणजे फाइन म्हणणाऱ्याला ओरखडे असतात,” आई म्हणाली.

मी म्हटलं, असतात.

“मग विचारणाऱ्याने काय करायचं?”

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असं सांगून मी वेळ मारून नेली. डायरीत नंतर लिहिलं, ‘विवेचन चांगलं झालं.’ मग ‘चांगलं’ खोडून ‘लांब’ केलं.

तर दादा, माझी विनंती एवढीच, की आईला स्वतःच्या हाताने चार ओळी लिही, मी तिला वाचून दाखवीन. त्यात हवी तर एखादी तक्रार घाल, तिला बरं वाटेल. म्हणजे ती बॅग रिकामी करेल आणि मलाही अंग न चोरता दारातून जाता येईल.

तुझी धाकटी,
(घरातली नापास पंडिता)

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी राहवेना म्हणून वहिनींना फोन केला. त्या पोट धरून हसल्या. म्हणे, तुझ्या फोनवर प्रत्येक निरोपाखाली तीन तयार उत्तरं येतात आणि तू न बघता पहिलं दाबतोस. म्हणजे ज्या शब्दावर मी एवढी प्रवचनं झोडली, तो तू लिहिलेलाच नव्हतास. वरचं सगळं वाचलं असलंस तर विसरून जा. (छत अजून गळतंय, असंही त्या म्हणाल्या.)

ता. ता. क. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलंच.” तरी बॅग हलेना, म्हणून शेवटी मीच उघडली. आत माझा टॉवेल, माझ्या चष्म्याचं घर, एक कोरी डायरी आणि माझे दोन गाऊन. दोन्हींची उजवीकडची शिवण गुडघ्याच्या वरपर्यंत उसवून तिथे बटणं लावलेली. पट्टी बदलायला सोपं जावं म्हणून. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं. (तुलाही.) तुला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाली, “तूच तर एवढं समजावून सांगितलंस.”

तेव्हा मूळ मुद्दा हा, की त्या दिवसांत आईजवळ कुणीतरी लागेल. येशील का? फोनवरून कळवणार असलास तर त्या तिघांपैकी एकही दाबू नकोस.

आई म्हणते, तिथे छत गळतंच आहे, तर इथेच येऊन झोप.