कंत्राटी वारा

गुरुवार, रोहा. पहिल्या शिफ्टहून आल्यावर.

आज धाटावला कंपनीत गॅसगळतीचं मॉक ड्रिल झालं. भोंगा वाजला, सगळे पटांगणात जमलो आणि मागून कोणीतरी सुरू केलं, "वारा बघून पळ रे भावा, वारा पण कंत्राटी हाय." बघता बघता अख्खी शिफ्ट गायला लागली.

ती ओळ माझी आहे. पेणला सतीशचा न् माझा बँड होता, तेव्हा मीच लिहिलेली. मग मी इथे परमनंट व्हायची वेळ आली आणि मीच त्याला म्हटलं, काढून टाक, साहेबांच्या कानावर गेली तर? त्याने नाय काढली. आता तो पुण्या-मुंबईत स्टेजवर तीच गातो. चाल पण झकास लावलीय मेल्याने.

न राहवून बाजूच्या पाटलाला सांगितलं, ही ओळ माझी. तो म्हणतो, "व्हय, आणि पेणचे गणपती पण तूच घडवतोस!"

कंत्राटी वारा. माझे शब्द. दुपारपासून डोक्यातून जात नाहीत, आणि येतात ते सतीशच्याच आवाजात.

ज्या साहेबांना घाबरून मी ती ओळ सोडली, ते आज सगळ्यांत मोठ्याने गात होते.