वाकडा काळा टाका

प्रिय बाई,

संग्रामपूरचं बचत गटांचं प्रदर्शन आटोपून कालच घरी आले. तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलं. तिथे जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मशीनवर बसायचं नाही, असं ठरवलंय. तुमचं वाचन एसटीची पाटी वाचण्यापुरतंच होतं, मला माहीत आहे, पण एवढं एक पत्र वाचाच. यात माझी चूक आहे, आणि माझ्या चुका ऐकायला तुम्हाला नेहमीच आवडायचं.

तीस वर्षं आपण दोघी जावा एका घरात नांदलो आणि शिलाईवरून भांडलो. मी शेगावची, शिवणक्लासचं सर्टिफिकेट घेऊन आलेली. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातल्या, सुईदोरा आईच्या मांडीवर शिकलेल्या. माझी शिलाई पट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ. तुमचा टाका हात जाईल तिकडे. तरीही बाळाचं दुपटं म्हटलं की गाव तुमच्याकडेच यायचं. मला राग यायचा, आज कबूल करते.

धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी तुम्ही घरोघरून मागून आणायच्या. उन्हात तापवायच्या, घड्या एकावर एक घालायच्या आणि धावदोऱ्याने दुपटी शिवायच्या. निम्मी प्रदर्शनात विकायची, त्यातून दोरा आणि अस्तर आणायचं. उरलेली निम्मी सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाला रिकाम्या हातांनी आलेल्या पोरींना देऊन यायची. महिन्यातून एकदा पिशवी खांद्याला लावून तुम्ही दारातून हाक मारायच्या, "चाल व शोभा, लेकरं पाहून येऊ." मी आतूनच ओरडायचे, "मले कामं हायेत." कसली कामं होती हो बाई? आज त्यातलं एकही आठवत नाही.

आणि तुमचा तो टाका! प्रत्येक दुपट्याच्या एका कोपऱ्यात, उलट्या बाजूला, एक काळा, वाकडातिकडा टाका. दुपटं पांढरं असो की पिवळं, हा काळाच. मला वाटायचं, मोतीबिंदूमुळे तुम्हाला दोऱ्याचा रंग कळत नाही. "बाई, दिसत नाई का तुमाले?" असं मी किती वेळा चिडवलं असेल. तुम्ही दातांनी दोरा तोडत म्हणायच्या, "राहू दे. वाकडाच बरा हाय तो." जित्याची खोड, असं मी मनात म्हणायचे आणि माझ्या सरळ शिलाईकडे वळायचे.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पेटीत अठरा दुपटी निघाली. शिवून, घडी करून ठेवलेली. प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलेलं. मला वाटलं, बाईंचं हे शेवटचं काम, त्याला कुणी नावं ठेवायला नकोत. मग मी काय शहाणपणा केला असेल? अठराच्या अठरा काळे टाके उसवले. प्रत्येक जागी त्या कापडाच्या रंगाचा दोरा असा भरला की शोधूनही सापडू नये. तुमच्यावर मोठे उपकार करतेय असंच मला वाटत होतं.

प्रदर्शनात माझ्या पिशव्या गेल्या, झबली गेली, टोपडीही गेली. तुमची दुपटी मात्र बायका उचलायच्या, उलटी करायच्या, कोपरे चाचपायच्या आणि पुन्हा ठेवून द्यायच्या. अठरापैकी एकही हललं नाही. तुमचं शेवटचं काम मी तसंच परत घरी नेणार होते की काय?

दुपारी वरवट बकालची एक बाई धाकट्या लेकीला घेऊन आली. लेकीला आठवा महिना. बाईने चारही कोपरे पाहिले आणि म्हणाली, "हे वच्छलाबाईचं नाई."

"त्याइचंच हाय," मी म्हटलं. "मी त्याइची जाऊ."

"मंग टाका कुठी हाय?"

"कोन्ता टाका?"

"काया टाका व. माह्या मोठ्या पोरीच्या लेकीच्या दुपट्याले होता. तिच्या वक्ती सिस्टर काजय लावू देत नव्हती, अन मी काई ऐकत नव्हती. वार्डात भांडनच झालं. तं वच्छलाबाईनं दुपटं उलटं करून दाखोलं. म्हने, लेकराच्या डोयात कायले घालता? तीट म्या कपड्यालेच लावली हाय. सिस्टर बी हासली अन मी बी."

बाई, मी ज्याला मोतीबिंदू समजत होते, त्या एका टाक्याने तुम्ही वार्डातलं भांडण मिटवत होता. आज्यांचं मन राखलं, सिस्टरचं राखलं आणि बाळांचे डोळे राखले. हे माझ्या सर्टिफिकेटात कुठे होतं? पण मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर मी हसले असते, हेही खरंच.

मी काळा दोरा ओवला आणि तिथेच टेबलामागे बसले. आणि गंमत बघा, मला वाकडा टाका जमेना! हात आपला सरळच जाई. ती बाई डोक्यावर उभी राहून सांगत होती, "असा नोको व, बटन लावल्यावानी दिसते. डोये मिट अन घाल." शेवटी डोळे मिटले. सुई बोटात गेली, पण टाका अगदी तुमच्यासारखा पडला. बाईने तो अंगठ्याने चाचपला, दुपटं लेकीच्या हातात दिलं आणि शेजारच्या बायकांना म्हणाली, "घ्या व, वच्छलाबाईचेच हायेत."

मग मी डोळे मिटून एकेका दुपट्याला तसाच टाका घालत गेले, आणि सगळं आटोपेपर्यंत नऊ दुपटी गेली. उरलेली नऊ मी तुमच्या नेमाने बाजूला ठेवली. या प्रदर्शनात एकदा तरी कुणी माझ्या शिलाईचं नाव काढावं, ही माझी तीस वर्षांची इच्छा. काल माझ्या टेबलावर सगळ्यांनी तुमचंच नाव काढलं, आणि "मी त्याइची जाऊ" हे मी न विचारता प्रत्येकीला सांगत होते. इतका अभिमान मला स्वतःचाही कधी वाटला नाही.

सोमवारी ती नऊ दुपटी घेऊन मी दवाखान्यात जाणार आहे, लेकरं पाहायला. प्रत्येकीला कोपरा उलटा करून दाखवीन आणि तो काळा टाका कुणी घालायला सुरुवात केली तेही सांगेन. यापुढे दर महिन्याला जाईन. आणि प्रत्येक दुपट्याला डोळे मिटून एक टाका घालीन. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची तर तुम्ही गेल्यावरही मी जाऊ देणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
सरळ टाक्याची शोभा