छकुलीच्या शेजारची जागा

मी, झुंबरबाई बद्रीनाथ नरवडे, वय सहासष्ट, राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. जीव मात्र नाही. उद्या रविवारी भोकरदनजवळच्या एका शेततळ्यात माझा बाप्तिस्मा आहे. आमच्या मंडळीत माणसाला पुरतं पाण्याखाली घालतात. पाळक अण्णासाहेब म्हणतात, मावशी, कडेला कमरेइतकंच पाणी आहे. मी तळं पाहून आले. खालचा प्लास्टिकचा कागद शेवाळला आहे, पाय टिकत नाही. मला पाण्याचं फार भय आहे. वर आले नाही तर मागे घोळ नको, म्हणून हे लिहिते.

१. आधी देहाचं. मला जाळू नये. आमच्या वावराच्या बांधावर माझी थोरली मुलगी छकुली पुरलेली आहे, तिच्या शेजारी मला पुरावं. जागा मला एकटीलाच नीट ठाऊक आहे: विहिरीच्या काठापासून बांधाने उगवतीकडे बावीस पावलं, बोरीच्या अलीकडे. पावलं माझी धरावीत. मुलगा आदिनाथ ढांगा टाकतो.

छकुली चार वर्षांची असताना विहिरीत बुडाली. त्याला एकतीस वर्षं झाली. आपल्यात एवढ्या लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात; मोठ्या माणसाला जाळतात. म्हणजे रीतीने मी राख होऊन नदीला जाणार आणि ती तिथे एकटी राहणार. खरं सांगते, येशूच्या लोकांत मोठ्या माणसालाही पुरतात, हे ऐकूनच मी आधी तिकडे वळले. विश्वास नंतर आला.

२. मला कोणी आमिष दाखवलं नाही, दबाव टाकला नाही. मालक शेवटच्या दुखण्यात जालन्याच्या दवाखान्यात होते, तिथे चांगुणाबाई नर्स होत्या. रोज ड्युटी संपली की माझ्याजवळ बसायच्या. एकदा त्यांनी सांगितलं, येशूनं एका मेलेल्या पोरीचा हात धरून तिला उठवलं आणि घरच्यांना म्हणाला, हिला खायला द्या. मी पदर तोंडात कोंबून रडले. पोरीला भूक लागली असेल हे सुचणारा देव मला तोवर भेटला नव्हता. पुढे मालक गेले, आणि चार महिन्यांत नात आकांक्षा झाली. रडायलाही चांगुणाबाई आल्या, पेढे खायलाही आल्या.

मेलेले एक दिवस उठणार, असं आमचे लोक मानतात. मला त्याचंच भय वाटतं. छकुली अंधाराला भ्यायची. ती उठली आणि शेजारी कोणी नसलं तर? पाळक म्हणाले, मावशी, तो तुम्हांला कुठूनही उठवील. उठवील हो, पण तोवर तिला कोण घेईल?

३. देवघरातले टाक मी नदीत सोडलेले नाहीत. ते धाकट्या जाऊबाई नंदाबाईला द्यावेत, तिने नेमाने पूजा करावी. रेणुकाईच्या रागाचं भय माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. हे पाळकांना कळवू नये.

४. पोस्टातल्या पैशांतून सगळ्यांत आधी विहिरीवर लोखंडी जाळी बसवावी. आकांक्षा आता चार वर्षांची आहे. उरेल ते आणि शिलाई मशीन मुलगी मीना हिला, परतूरला. मशीनचा पट्टा जुना आहे, नवा घ्यावा.

५. घर आणि दोन एकर वावर मुलगा आदिनाथ याला. तो म्हणाला, "आई, तुला कोणाला भजायचं त्याला भज. पण वावरात थडगं? गावात तोंड कसं दाखवू मी?" म्हणून पहिल्या कच्च्या कागदात मी अट घातली होती की मला बांधावर पुरलं नाही तर वावर मीनाला जावं. ती अट काढली. आदिनाथ, वावर तुझंच. धाक घालून तुला बांधावर आणायचं नाही मला. भ्यालेलं माणूस काय करतं ते मी जाणते.

६. दीर भुजंग याच्याशी मी तीस वर्षं बांधावरून भांडले. त्याला शिव्या दिल्या, त्याच्या लेकीच्या लग्नालाही गेले नाही. आता तो म्हणतो, कापूस निघाला की जेसीबी लावून बांध काढू. तसं झालं तर छकुली कुठे आहे हे कोणालाच कळणार नाही. पण भांडण बांधाचं नव्हतंच. ते आता लिहिते.

त्या दिवशी मी कपाशीत होते आणि ओरडा ऐकून पळत आले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मी विहिरीवर गोधड्या धूत होते. छकुली माझ्या डोळ्यांसमोर पडली. एकदा वर आली, आई म्हणाली. मी काठावर उभी राहिले. मीना कडेवर होती असं मी स्वतःला सांगत आले; तिला खाली ठेवता आलं असतं. मला पोहता येत नव्हतं, मी भ्याले, मी उडी टाकली नाही. भुजंग त्याच्या वावरातून पळत आला, त्याने उडी टाकली. मी काठावर उभी होते हे त्याने पाहिलं. त्याने ते कधी कोणाला सांगितलं नाही, आणि त्याचं तोंड दिसलं की मला ती विहीर दिसायची. भुजंग, माफ कर.

साक्षीला मी त्यालाच बोलावलं आहे. हे वाचून तो काय म्हणेल, याचं मला उद्याच्या पाण्यापेक्षा जास्त भय वाटतं. पण उद्या मी पाण्यात उतरणार.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: पिंपळगाव रेणुकाई
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सही: झुंबरबाई बद्रीनाथ नरवडे

साक्षीदार १: चांगुणाबाई शिरसाठ, निवृत्त परिचारिका, जालना. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २: भुजंग आबाराव नरवडे, पिंपळगाव रेणुकाई. सही माझ्यासमोर झाली. कागद पूर्ण वाचला. बांधाला हात लावत न्हाई. वहिनीला तिथंच ठेवू, आदिनाथला मी समजावतो. फक्त कलम सहा बराबर न्हाई. वहिनी त्या दिवशी कपाशीतच होत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं.