दुःखाला बसल्यावर करायचा व्यायाम

मॅडम, काल मी महागावकडच्या त्या गावाला जाऊन आले. तुमचा तो फवारणीवाला पेशंट गेला. झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. मी बायकांमध्ये बसले, शेजारच्या घरून चहा आला तो प्यायले आणि दुपारच्या एसटीनं यवतमाळला परत आले. जाताना वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. वाईट वाटेल, तेही वाटलं नाही. आज पेशंट लवकर संपले, मावशी फरशी पुसून गेल्या, आणि मी आपल्या फिजिओथेरपी खात्यात, तुमच्या जुन्या टेबलाशी लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला सांगायचं काही उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

तो पहिल्यांदा आला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. दोघांनी खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून आणला होता. पाठीवर पंप बांधून दुसऱ्यांच्या कापसावर फवारणी करायचा. भिजलेला सदरा दिवसभर अंगात राहिला आणि औषध अंगात भिनलं. मोठ्या वॉर्डात बरेच दिवस काढून वाचला, घरी गेला, गावानं नारळ फोडला. मग काही आठवड्यांनी त्याच विषानं पाय गेले. पंजे लोंबायला लागले, टाचा टेकेनात. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यानं बायको बाहेर गेल्यावर, मान खाली घालून सांगितली. "मॅडम, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून परसाकडं जा लागते. चालणं-बिलणं राहू द्या. तेवढं मले एकट्याले जाता आलं पाह्यजे." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "भाऊ, म्हणजे चालणंच झालं ना ते."

मग तुम्ही कापूस घेतला. पिळून बारीक टोक केलं आणि त्याला म्हणालात, "डोळे मीट. पायाले कापूस लागला का हो म्हण." तो प्रत्येक वेळी हो म्हणाला. तुम्ही कापूस हवेत धरलात तरी हो म्हणाला. मला वाटलं, बरंच शाबूत आहे की. तुम्ही वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलंत, तर पापण्यांना फट. त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा घेऊन तुम्ही त्याच्या डोळ्यांवर टाकलात. त्यानंतर एकही हो आला नाही. कापूस अंगठ्यावरून फिरला, पंजावरून, घोट्यावरून वर गेला. शेवटी दुपट्ट्याखालून आवाज आला, "सारी जिंदगी कापूस येचला, अन् आता कापूसच कळून नाही राह्यला." तो बाहेर गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत की तो खोटारडा नाही. आपल्याला कळावं असं ज्याला वाटत असतं तो बघतोच, म्हणून आधी डोळे झाकायचे.

त्याचा व्यायाम ठरवायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. मी नवीन होते आणि उत्साहानं उतू चालले होते. सकाळ-संध्याकाळ अंगणात, भिंतीला धरून उभं राहणं, टाचेच्या शिरेला ताण देणं, पंजा वर उचलणं, सगळं चित्रं काढून दिलं, कारण त्याला वाचता येत नव्हतं. तुम्ही चष्मा लावून बघितलंत आणि निम्मं खोडलंत. या नसा आजारी आहेत, दमवून त्यांना ताकद येत नाही, म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जड वाटला तर काल जास्त झालं, हे त्याला समजू दे. बोलता बोलता करता येईल एवढंच द्यायचं. आणि पायाला कळत नाही, तर तो डोळ्यांनी राखायचा. रोज तळवा बघायचा, काटा रुतलाय का. शेकोटीजवळ पाय न्यायचा नाही. हे आजही मी प्रत्येकाला असंच सांगते, तुमच्याच चालीत. नवी मुलं माझी नक्कल करतात तेव्हा खरं तर ती तुमची करतात, त्यांना ठाऊक नाही.

सुरुवातीला त्याला फरक पडला. मग तो आला तो मागे गेलेला, टाचा आधीपेक्षा आखडलेल्या. मी चांगलं झापलं त्याला. तो म्हणाला, "गावात माती झाली ना, मॅडम." पुढच्या खेपेला पुन्हा तेच, दुसऱ्या आळीत मयत. त्या वर्षांत तिकडच्या गावांत कर्जापायी काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण मी शहाणी, मी म्हटलं, माती झाली तर झाली, तू आपल्या अंगणात व्यायाम कर. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण लहान पोराच्या अडाणीपणाकडे बघतो. "ज्याच्या घरचा गेला त्याचं दार माह्या दारासमोर हाय. त्याईच्यासमोर भिंत धरून कसरत करू का? लोकं काय म्हणतीन?" मग घरात कर, मी म्हटलं. "घरात कायले बसू? सारे तिथं दुःखाले बसले, अन् मी पांगळा म्हणून घरी राहू? बरं दिसते का ते?" त्याला उचलून बैठकीत नेत आणि दिवसभर तिथंच बसवत. एका घरचे दिवस संपेपर्यंत दुसऱ्या घरचे सुरू.

मी तुमच्याकडे येऊन तक्रार केली की पेशंट ऐकत नाही. तुम्ही क्रेप बँडेज गुंडाळत होतात. मान वर न करता म्हणालात, "व्यायामाचा कार्यक्रम छान केलायस तू. फक्त ज्या गावात कोणी मरत नाही, त्या गावासाठी केलायस." माझे कान लाल झाले. नंतर कितीतरी बोलणी खाल्ली तुमची, पण इतकं सरळ वर्मावर बसलेलं दुसरं बोलणं नाही. संध्याकाळी तुम्हीच म्हणालात, चल, बघून येऊ तो कुठं बसतो ते.

आपण गेलो तेव्हा बैठक भरलेली होती. टिनाच्या मांडवाखाली सतरंजीवर पुरुष, पलीकडे ओट्यावर बायका. तुम्ही बायकांमध्ये जाऊन बसलात, आणि खात्यात ज्यांचा आवाज जिन्यापर्यंत जायचा त्या तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तो खांबाला टेकून पाय पसरून बसला होता, पंजे पुढे पडलेले. त्याच्या आजूबाजूला म्हातारी माणसं दुपट्टा गुडघ्यांवरून पाठीमागे घेऊन, गाठ मारून बसली होती, आपल्याकडे बसतात तशी. तुम्ही त्या दुपट्ट्यांकडे खूप वेळ पाहत राहिलात. मग उठून त्याच्याजवळ गेलात, खाली बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "तुहा दुपट्टा दे." तळव्याखालून तो घेतलात आणि दोन्ही टोकं त्याच्या हातात दिलीत. "ओढ. दुखाले नाही पाह्यजे, ताणाले पाह्यजे. एक लांब श्वास धर, मंग सोड. थोड्या वेळानं दुसरा पाय. बोटं वर कराची खटपट कर, नाही झाली तरी कर. अन् मधी मधी हातावर जोर देऊन बूड उचल, नाही तर बसून बसून जखम होईन."

तो कुजबुजला, "पाप नाही लागत ना, मॅडम?"

"दुःखाले बसू नको असं कोण म्हणते? बस तू. पायाले काहून बसवतं?"

त्यानं ओढलं. आणि मी बघते आहे की समोर बसलेला म्हातारा त्या हलणाऱ्या दुपट्ट्याकडे बघतो आहे. तो गेलेल्या मुलाचा बाप. सकाळपासून बोललेला नाही, पाणीही प्यायलेला नाही, असं बायका सांगत होत्या. आता आपला पेशंटही त्याच्याकडे बघतो, आणि त्याचे हात थांबतात. सगळा मांडव थांबतो. मला वाटतं, आता हा उठून आपल्याला हाकलून देणार.

"हालव," म्हातारा म्हणतो. "काहून थांबला? हालव रे बापू. इथं कोणाचं तरी काही हालू दे."

तुम्ही चपला शोधायला गेलात आणि बराच वेळ शोधत राहिलात. चपला समोरच होत्या.

त्यानंतर आपल्या खात्यात प्रत्येक पेशंटला दोन चित्रं मिळू लागली, एक रोजचं आणि एक दुःखाला बसल्यावरचं. नागपूरहून आलेली शिकाऊ मुलगी हसली होती. तुम्ही तिला महिनाभर खेड्यांतच पाठवलंत, मग ती हसायची थांबली. एका गावात तर म्हणे बैठकीतले सगळेच म्हातारे दुपट्ट्यानं पाय ओढायला लागले, गुडघ्याले बरं वाटते म्हणून. आणि एक दिवस आपला माणूस काठी टेकत, गुडघे उंच उचलत, पंजे आपटत दारातून आत आला. मागे बायको नव्हती. "एकटाच जातो आता," एवढंच म्हणाला. कुठं ते विचारायची गरज नव्हती. तुम्ही इतक्या हसलात की शेवटी डोळे पुसावे लागले. त्याच्या पायाच्या बोटांना कापूस शेवटपर्यंत कळला नाही, पण चालला तो. मरेपर्यंत चालला.

तुम्ही गेलात तेव्हा तो तुमच्या घरी आला होता. बुद्धवंदना चालू होती, पांढऱ्या कपड्यांतली तुमची माणसं हात जोडून बसली होती, आणि मागे भिंतीशी तो पाय पसरून बसला होता. दुपट्टा तळव्याखाली, टोकं हातात. मी त्याच्याकडे पाहत बसले आणि रडले नाही. म्हटलं, येईल नंतर. नंतर कामाला लागले. तुमच्यामागे किती घरी बसले, किती पेशंटच्या, किती पेशंटच्या पोरांच्या. चहा प्यायचा, दोन शब्द बोलायचे, बसमध्ये चढायचं. कधी तरी लक्षात आलं की ते नंतर येणार होतं ते आलंच नाही. पाय हलता कसा ठेवायचा ते तुम्ही मला शिकवलंत. बाकीचं कसं हलतं ठेवायचं ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. तक्रार नाही ही. तुम्ही तरी चपलाच शोधत होतात.

काल मांडवात त्याची जागा रिकामी होती आणि मला काही झालं नाही. म्हणून आज सगळे गेल्यावर मी दार लोटलं, चपला काढल्या, कापसाचं टोक केलं आणि डोळे मिटून स्वतःच्या पायावर फिरवलं. स्वतःची परीक्षा स्वतः घ्यायची नसते, माहीत आहे मला. पण दुसऱ्या कुणाला सांगू? अंगठ्याला कळलं. पंजाला कळलं. घोट्याला कळलं. प्रत्येक वेळी मी मोठ्यानं हो म्हटलं, आणि मला जरा बरं वाटलं.

हे चित्रांच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर लिहिलं आहे. पाठवायला पत्ता नाही, उद्या मावशी रद्दीत घालतील. एवढंच सांगायचं राहिलं की माझी ओढणी खुंटीवरच होती. मॅडम, मी डोळे पुरते मिटले नव्हते.