दुसरी खिडकी

कुडवा,
ता. २२ नोव्हेंबर २०२४

चमेली,

देवकाबाईचा आशीर्वाद. घ्यायचा असंन तं घे. सालेकश्याले तुझ्या भावाचं धान घरी आलं असंन. इकडं धान मळायचे चुरणे चालू आहेत. माझा गुडघा दुखते, जीभ बरी आहे. मी चौथी शिकलेली, अक्षर वाकडं येते. पण हे पत्र दुसऱ्याकडून लिवून घेण्यासारखं नाही.

तुझी मोनाली धड आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष. दिवसभर कम्प्युटरमध्ये ओळी लिवत राहते.

मागच्या मंगळवारी मी तिच्याजवळ तांदूळ पाखडत बसली होती. तिनं बटन दाबलं तं नुसती लाल अक्षरं आली. म्हणते, "आजी, माझ्या प्रोग्रामले दुसरा प्रोग्राम उठवायचा आहे. तो रक्तातले बारीक कण मोठे करून दाखवते. पण तो कुठं राहते, तो पत्ता मी अर्धाच दिला."

मी म्हटलं, "एकाच डब्यात राहतात अन् पत्ता लागते? मंग एवढी शिकली कायले?"

हसली. पूर्ण पत्ता लिवला, बटन दाबलं अन् दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

तिनं हात लावला नाही अन् दुसरी खिडकी आपल्याआप उघडली. काळ्या अंधारात एक गुंतलेली माळ गरगर फिरून राहिली. माझ्या हातातलं सूप पडलं.

"कोणं उघडलं वं?"

"माझ्या ओळींनीच. आता पाह्य, त्याच ओळी त्याले रंग सांगतीन."

एक मणी लाल झाला. म्हणते, "बाकी सारी माळ बरोबर आहे. हा एक मणी बदलला. पप्पाचा सिकलसेलचा आजार तो हाच."

"आला कुठून?"

"एक तुझ्याकडून, एक आजोबाकडून. दोन्हीकडून आल्याशिवाय पप्पासारखा आजार होत नाही."

मंग माझ्याकडं वळली. "आजी, आई काऊन गेली?"

चमेली, सतरा वर्षं मी तिले सांगितलं का तू आपल्या मनानं गेली. त्या दिवशी पडलेलं सूप उचलून उठून गेली. माझ्याकडून आला हे खोटं असंन म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त देऊन आली. काल कागद आला. माझ्यात आहे.

अजून एक आहे. माझा दुर्गेश आठ वर्षांचा होता, सारखा आजारी पडे, तवा नर्सबाई दारात आली होती. म्हणे, मायबापाचं रक्त तपासा. मी म्हटलं, आमच्या रक्तात खोट नाही, अन् तिले हाकलली. अन् त्याच्या तेरवीले ओट्यावर साऱ्या पाहुण्यांसमोर बोलली, हिच्या पायानं माझं पोरगं गेलं. चार वर्षांची पोरगी तुझ्या कडेवरून ओढली अन् आतून कडी लावली. तू दोनदा दार वाजवलं. मी दाराले पाठ लावून बसली होती. तुझी दोन पत्रं आली, ती न वाचता चुलीत घातली.

हे सारं काल मोनालीले सांगितलं. ती रडली नाही. कम्प्युटर बंद केला अन् म्हणाली, "आई या घरात आल्याशिवाय मी तुझ्याशी बोलत नाही." कालपासून ताट सरकवून उठते. तुझीच आहे.

मी माफी मागून नाही राहिली. मागून मिळण्यासारखं ते नाही. पण ज्या ओट्यावर बोलली, त्याच ओट्यावर आता खरं काय ते बोलीन. तवाच्या पाहुण्यायतले भैयाजी अन् कवडू जित्ते आहेत. त्यायले १ डिसेंबरच्या रविवारी सकाळी बोलावलं आहे. तू आली नाही तरी बोलीन. पण पोरीसाठी ये.

तुले घर माहीत आहे. तरी पूर्ण लिवते, अर्ध्या पत्त्यावर कोणी येत नाही म्हणते मोनाली:

दुर्गेशचं घर,
रामलालच्या चक्कीमागं, निळं दार,
कुडवा, गोंदिया.

कडी काढून ठेवते.

जिनं लावली होती ती,
देवकाबाई